आठवणी म्हणजे साहित्य नव्हे? मग लीळाचरित्राचं काय करायचं?



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रविवारी वाचा. पण न वाचता नुसता अंगठा दाबू नका, एवढी विनंती.

'साहित्य' हा शब्द आपल्या घरात रोज वापरला जातो. पूजेचं साहित्य, शिवणाचं साहित्य, उकडीच्या मोदकांचं साहित्य. लागणाऱ्या वस्तू एका जागी आणून ठेवल्या की झालं साहित्य. शब्दाचं मूळ 'सहित' मध्ये, म्हणजे बरोबर असण्यात आहे. जुन्या काळी भामहाने काव्याची व्याख्या करताना एवढंच म्हटलं की शब्द आणि अर्थ यांचं एकत्र असणं म्हणजे काव्य. त्यात वृत्त, अलंकार, पदवी, पुरस्कार अशी काही अट घातली नाही. पुढे अकराव्या शतकात मम्मटाने काव्य कशासाठी याची यादी दिली. त्यात कीर्ती आहे, पैसा आहे, आनंद आहे आणि चक्क व्यवहारज्ञानही आहे! मी बी. कॉम. झालेला माणूस, बँकेत ३४ वर्षं काढली, त्यामुळे व्यवहारज्ञान हा शब्द तिथे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे आपल्यासारख्यांनाही आत यायला जागा आहे.

मग प्रश्न असा की इतक्या घरगुती शब्दाच्या दारावर हा वॉचमन कोणी बसवला?

निमित्त सांगतो. एका मंडळाची स्मरणिका निघाली. कोणतं मंडळ, कोण संपादक, हे कृपया विचारू नका, आणि कमेंटमध्ये अंदाजही बांधू नका. आमच्या जुन्या कॉलनीतल्या एक वहिनी आहेत, आज वय ८३. मूळच्या जळगावकडच्या. यजमानांची नोकरी हजिऱ्याच्या एका कारखान्यात, त्यामुळे ऐंशीच्या दशकात इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. शाळा सातवीपर्यंत. त्यांनी दोनशे पानी वहीत आठवणी लिहिल्या आहेत. त्यातली तीस पानं मी स्वतः नेऊन दिली. ती परत आली. एका प्राध्यापकांचा सल्ला घेतला होता म्हणे. त्यांचं मत पडलं की आठवणी छान आहेत, पण हे साहित्य नव्हे. यात कल्पना नाही, भाषा प्रमाण नाही आणि रचनाही नाही. 'साहित्य विभागात' घेता येणार नाही, वाटल्यास मागे 'मनोगत' म्हणून अर्धं पान देऊ.

त्या साहित्य विभागात काय छापलं ते मी वाचलं. पावसावर चार कविता. आईवर एक लेख, जो मला गेल्या पाच वर्षांत निदान आठ वेळा फॉरवर्ड झालेला आहे, दर वेळी वेगळ्या लेखकाच्या नावाने. आणि 'जीवन एक प्रवास' या नावाचा मजकूर, ज्यात एकाही स्टेशनचं नाव नाही.

वहिनींनी त्यानंतर वही बंद करून कपाटात ठेवली. "भाऊ, मला काय येतं लिहिता, मोठ्या लोकांनी सांगितलं ना," एवढंच बोलल्या. माझं भांडण आहे ते इथे. एक माणूस लिहिता लिहिता थांबला. त्या वयात थांबलेला हात पुन्हा सुरू व्हायला किती वेळ आहे हाताशी?

आता प्राध्यापक महाशयांच्या मुद्द्यांकडे येतो. कल्पना नाही म्हणून साहित्य नाही, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ कोणता, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असतं: म्हाइंभटाचं लीळाचरित्र, तेराव्या शतकाच्या अखेरचं. आणि लीळाचरित्र म्हणजे काय हो? आठवणी! चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या माणसांकडे जाऊन म्हाइंभटाने विचारून विचारून गोळा केलेल्या आठवणी. स्वामी कुठे राहिले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, कोण रुसलं, कोण हसलं. हे काम चाललं अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. नागदेवाचार्यांकडून एकेक गोष्ट पडताळून घेतली. ज्याने पाहिलं त्याच्याकडून घ्यायचं, ऐकीव असेल तर तपासायचं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर व्हाउचरशिवाय एंट्री नाही. म्हाइंभट मोठा शास्त्री पंडित होता, त्याला श्लोकबद्ध काव्य रचणं जड नव्हतं. त्याने ते केलं नाही, लोक बोलतात तसं लिहिलं. त्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालेलं आहे.

आणि आपल्या हजिरेकरांसाठी खास गोष्ट. महानुभाव परंपरेप्रमाणे हे चक्रधर मूळचे भरूचचे, तिथल्या प्रधानाचे चिरंजीव. भरूच म्हणजे आपल्याकडून गाडीने दोन तासांच्या आतलं गाव. अंकलेश्वरला कामाला जाणारी आपली मुलं पूल ओलांडून रोज तिथून ये-जा करतात. म्हणजे गुजरातमधून महाराष्ट्रात गेलेल्या माणसाच्या आठवणी लोकांनी मराठीत लिहिल्या आणि मराठी गद्य उभं राहिलं. आपला प्रवास उलट दिशेने झाला, महाराष्ट्रातून गुजरातमध्ये. आपण आठवणी लिहिल्या तर मात्र ते 'मनोगत', अर्धं पान!

भाषेचा मुद्दा तर त्याच काळात निकालात निघालेला आहे. नागदेवाचार्यांना पंडित शिष्य संस्कृतात काही विचारायला, लिहायला लागले की ते अडवत. स्वामींनी आम्हाला मराठीत सांगितलं आहे, तुमच्या या संस्कृतामुळे माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्यांना काही मिळणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. स्मृतिस्थळात ही हकीकत आहे. सातशे वर्षांपूर्वी एक आचार्य म्हाताऱ्या बायकांना समजावं म्हणून पंडितांना गप्प करतो, आणि आज आपले पंडित म्हाताऱ्या बाईची वही परत पाठवतात. याला प्रगती म्हणायचं की काय, तुम्हीच ठरवा.

वहिनींच्या लिखाणात 'व्हतं' आहे, 'जायेल' आहे, 'पोरं आयकत नव्हते' आहे. मान्य. पण बहिणाबाई चौधरी कोणत्या प्रमाण भाषेत बोलत होत्या? आसोद्याची लेक, जन्म १८८०, अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात ओव्या म्हणायच्या, घरातल्या मुलांनी जमेल तशा टिपून ठेवल्या. १९५१ साली त्या गेल्या. चिरंजीव सोपानदेव, स्वतः नावाजलेले कवी, त्यांनी तो कागदांचा ठेवा भीतभीतच आचार्य अत्र्यांना दाखवला. अत्र्यांनी तो ओळखला आणि १९५२ साली पुस्तक निघालं. समजा त्या दिवशी अत्र्यांच्या जागी आमच्या स्मरणिकेची समिती असती तर? 'बाईंच्या ओव्या छान आहेत, मागे अर्धं पान देऊ.' आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्या तापीकाठच्या मुलुखात बहिणाबाई राहिल्या, त्याच तापीच्या मुखाशी आपण राहतो. उधना-लिंबायतमध्ये अर्धं खानदेश येऊन वसलेलं आहे, आणि इथल्याच मराठी मंडळात त्यांच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणतात.

रचना नाही, हा तिसरा आक्षेप. याला माझं उत्तर कृष्णाजी अनंत सभासद. सभासद हा काही लेखक नव्हे. दरबारातला माणूस, म्हणजे आपल्यासारखा सर्व्हिसवाला. राजाराम महाराजांनी सांगितलं की थोरल्या महाराजांची हकीकत लिहून द्या, म्हणून त्याने १६९७ च्या सुमारास लिहून दिली. कुठे बसून? पुण्यात नाही, रायगडावरही नाही. तमिळ मुलुखातल्या जिंजीच्या किल्ल्यात, घरापासून शेकडो कोस लांब. त्यात आपल्या सुरतेच्या लुटीचाही उल्लेख आहे. आणि मधे मधे नुसत्या याद्या! खजिन्यात काय, कापड किती, घोडे किती, गड कोणते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर स्टॉक रजिस्टर आहे. पण वाचत गेलो आणि लक्षात आलं की त्या याद्यांमधूनच राज्य डोळ्यांसमोर उभं राहतंय. आज तीच बखर मराठीच्या एम. ए. ला अभ्यासाला असते आणि कोणी विचारत नाही की यात रचना कुठे आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नवरा नामवंत कवी, बाईंचं शिक्षण घरातल्या घरात जेमतेम. स्मृतिचित्रे चार भागांत १९३४ ते १९३६ मध्ये आली. आज रेव्हरंड टिळकांच्या कविता किती घरांत वाचल्या जातात आणि स्मृतिचित्रे किती घरांत, हे तुम्हीच आपापल्या कपाटात बघा. माझ्या मते तरी मराठीतल्या पहिल्या पाच पुस्तकांत ते बसतं. बाकी चार कोणती यावर भांडायला मी तयार आहे, पण ती वेगळी पोस्ट.

कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण जुन्या काळचं झालं. बरं, नव्या काळचं घ्या. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' या दोन्ही आत्मकथांना साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे, १९८१ चा आणि १९८८ चा. त्याआधी १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं, तेव्हाही हे साहित्य की नुसती कैफियत, असा सूर लावणारे होतेच. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, उद्घाटक अण्णाभाऊ साठे, ज्यांची शाळा जेमतेम दीड दिवसाची म्हणून सांगतात. त्याही आधी, १८८५ साली, न्यायमूर्ती रानड्यांच्या ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. ज्यांच्या लिखाणात आमच्या लोकांचं दुःख येतच नाही त्यांच्यात मिसळून काय उपयोग, असा त्या पत्राचा रोख. तेव्हापासून दार ठोठावणं चालू आहे. दर पिढीत कोणीतरी आतून म्हणतो, "हे साहित्य नव्हे", आणि पुढच्या पिढीत तेच पुस्तक अभ्यासक्रमात लागतं. बाहेर देशातही वेगळं नाही. साहित्याचं नोबेल १९०२ मध्ये मॉमसेनला रोमच्या इतिहासासाठी मिळालं, आणि २०१५ मध्ये स्वेतलाना अलेक्सिएविच या बाईंना, ज्यांनी युद्धातल्या आणि चेर्नोबिलच्या साध्या माणसांच्या तोंडच्या हकिकती गोळा केल्या. म्हाइंभटाचंच काम, फक्त टेप रेकॉर्डर घेऊन.

सुरतेचा दाखला तर हाताशीच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांच्या व्याकरणामुळे त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात, ते १८४० च्या दशकात सुरतेत शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी १८४४ मध्ये इथेच मानवधर्म सभा काढली. या दादोबांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं, ते अर्धवट राहिलं, आणि पुस्तकरूपाने लोकांसमोर आलं ते १९४७ साली, अ. का. प्रियोळकरांनी परिश्रम घेतले म्हणून. दादोबांना जाऊन तेव्हा ६५ वर्षं झाली होती. दुसरे आपले सुरती कवी नर्मद. आमलीरानमधलं त्यांचं घर पाहिलं नसेल तर एकदा पाहून या. त्यांनी 'मारी हकीकत' १८६६ मध्ये लिहिली, ती सगळ्यांसाठी छापून आली १९३३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला. गुजरातीतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून आज त्याचा मान. या दोन्ही वह्या टिकल्या कारण कोणीतरी त्या सांभाळल्या. किती वह्या रद्दीत गेल्या असतील त्याचा हिशेब कोणत्याच लेजरमध्ये नाही.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा माणूस एकतर्फी आहे. या ग्रुपवर कोणी कोणी लिहितं की मनापासून लिहिलेलं सगळंच साहित्य. नाही मंडळी, सगळंच नाही! आपल्या बढत्यांची यादी साहित्य नव्हे. कुठल्या साहेबांनी पाठीवर थाप मारली, परदेशात मुलाने किती बेडरूमचं घर घेतलं, हेही नव्हे. 'आमच्या वेळी किती छान होतं' असं दहा ओळी लिहिलं आणि काय छान होतं ते सांगितलंच नाही, तर तेही नाही. प्राध्यापक म्हणतात की निवड हवी, ते मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की निवड पान वाचून करा, शिक्षण आणि बोली बघून नको.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. बँकेत कर्जाचा कागद आला की आम्ही बघायचो, हा माणूस मला ओळखत नाही असं समजून कागद उभा राहतो का? ओळखीवर पास झालेलं कर्ज पुढे बुडतं. लिखाणाचंही तसंच. आठवणीतल्या माणसांना कधी न पाहिलेला, गाव माहीत नसलेला, पन्नास वर्षांनी जन्मणारा कोणी वाचत बसला आणि त्याला पुढचं पान उलटावंसं वाटलं, तर ते साहित्य. लिहिणारा जिवंत असताना नातेवाईकांनी वाहवा केली हा पुरावा धरायचा नाही. आसोदा न पाहिलेल्या माणसाला बहिणाबाई कळते. जिंजी न पाहिलेल्याला सभासद कळतो.

या कसोटीवर वहिनींची पानं लावून बघा. सप्टेंबर १९९४, सुरतेत प्लेग आल्याची बातमी. सरकारी कागदात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे: लाखो लोक शहर सोडून गेले, टेट्रासायक्लिन मिळेना. वहिनींनी काय लिहिलंय? ताप्ती लाईनच्या गाडीत बसायला म्हणून त्या दोन पोरांना घेऊन निघाल्या, उधन्याला गर्दी पाहिली आणि परत फिरल्या. का फिरल्या? तर एक बाई डब्यात चढली आणि तिची पिशवी खाली राहिली, त्या पिशवीत बाजरीचं पीठ होतं, ते फलाटावर सांडलं आणि त्यावरून लोक पळत होते. "पीठ तुडवायची येळ आली म्हणजे गाडीत काही ठेवलं नाही, घरीच मरू," असं त्यांना वाटलं. घरी येऊन त्यांनी दारावर कडुलिंब बांधला, पाणी उकळलं आणि शेजारच्या तीन घरांच्या किल्ल्या सांभाळल्या. गावी पळालेल्यांच्या तुळशींना त्या रोज पाणी घालत होत्या. दोन आठवड्यांनी लोक परत आले तेव्हा एकाने विचारलं, किल्ली वेळेवर का दिली नाही! हेही त्यांनी लिहिलंय, आणि नाव लिहिलेलं नाही.

मी त्या आठवड्यात सुरतेतच होतो, ब्रँच उघडी होती, तोंडाला रुमाल बांधून कॅश मोजत होतो. तो सगळा काळ मला तारखांनी आठवतो. पण सांडलेल्या पिठावरून पळणारी माणसं मला त्या वहीनेच दाखवली. यात कल्पना नाही म्हणता? नसेल. मला ती कमी पडली नाही.

२००६ च्या ऑगस्टमधल्या तापीच्या पुरावर अकरा पानं आहेत. उकाईचं पाणी सुटलं, शहर बुडालं, हजिऱ्याकडेही पाणी भरलं, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. वहिनींनी तिथे एक यादी केली आहे, माळ्यावर काय काय चढवलं त्याची, चढवण्याच्या क्रमाने. पहिली वस्तू गॅसची शेगडी. दुसरी, सासूबाईंचा फोटो. लग्नातला शालू सातवा. यजमानांच्या नोकरीची कागदपत्रं नववी, त्यावरून त्या दोघांचं भांडण झालं, तेही आहे. आता सभासदाच्या याद्या साहित्य आणि ही यादी साहित्य नाही, यातला फरक मला कोणीतरी समजावून सांगावा. मी कॉमर्सचा आहे, हळू सांगा.

एक मित्र परवा म्हणाला, "अरे, साहित्य म्हटलं काय, मनोगत म्हटलं काय, छापलं तर जातंय ना?" नाही बाबा, छापलंही जात नाही. अर्ध्या पानात तीस पानं मावत नाहीत. आणि नावाने फरक पडतोच. खात्याला 'बुडीत' असा शिक्का बसला की पुढचा अधिकारी ती फाईल उघडतच नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा याच मंडळींनी पेढे वाटले. पुढच्याच फेब्रुवारीत दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या त्या तारा भवाळकर, ज्यांचं आयुष्य बायकांच्या ओव्या आणि लोकसाहित्य अभ्यासण्यात गेलं. त्यांच्या निवडीच्या बातमीलाही याच ग्रुपवर भरपूर हार-फुलं वाहिली गेली. पेढे वाटायला काय जातं?

तर माझं ठरलंय ते सांगतो. वहिनींची परवानगी घेतली आहे. सुनेने वही कपाटातून काढून दिली, मी नातवाच्या मदतीने टाईप करतोय. येत्या रविवारपासून दर आठवड्याला पाच-सहा पानं इथे टाकीन. पहिल्यांदा प्लेगची, कारण ती पुरी झाली आहेत. पुराची अकरा पानं दिवाळीपर्यंत. ज्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या ते या ग्रुपवर असतील तर त्यांनी काय ते मनातल्या मनात ओळखावं. टायपिंग माझं, भाषा त्यांची. 'व्हतं' चं 'होतं' केलेलं नाही, करणारही नाही. ज्याला खटकेल त्याने मला फोन करावा, वहिनींना नको.